मायक्रोकंट्रोलरचे पाय वाढवावयाचे कसे?

स्मरणिकेसाठी काही शास्त्रीय, पण घरातील सर्वांना समजेल असे लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. चंद्र, तारे, अणुशक्ती यांवर लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. माझे क्षेत्र फार लहान, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या एका हिरव्या पट्टीएवढे आहे. तेव्हा त्याच पट्टीवरील एका अडचणीची हकिकत सांगतो. आमच्या बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपविले, तेव्हा यंत्रविद्या देशी भाषेतून शिकवावी असा आग्रह होता. त्या गावात राहून हा विषय मराठीत सांगता येऊ नये, असे काही नाही.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये सामावलेला पूर्ण, पण गरीब संगणक. कपडे धुण्याचे यंत्र, लिफ्ट, रिक्षाचे मीटर, मुलांची खेळणी या सर्वांच्या पोटात तो असतो. त्याला विचार करावयास डोके आहे, लक्षात ठेवावयास थोडी स्मृती आहे. परंतु बाहेरच्या जगाशी बोलावयास त्याच्याजवळ फक्त पाय आहेत. पाय म्हणजे चिपच्या कडेला असलेल्या धातूच्या पिना. एका पायावर एक बटण जोडले तर ते दाबले आहे की नाही एवढे त्याला कळते. एका पायावर एक दिवा जोडला तर तो लावणे किंवा विझविणे एवढे त्याला करता येते. एक पाय, एक काम, असा हा हिशेब आहे.

आता हे पाय असतात किती? हौशी मंडळींत सर्वांत प्रसिद्ध अशी अर्दुइनो उनो नावाची पट्टी घ्या. अर्दुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी झाला आणि २०१० मध्ये ‘उनो’ निघाली. तिच्यावरील एटीमेगा ३२८पी या चिपला अठ्ठावीस पाय आहेत. परंतु वीजपुरवठा, स्फटिक, रीसेट वगैरेंचे वजा जाता आपल्या हाती उरतात ते वीस. त्यांतील दोन संगणकाशी बोलण्यासाठी राखलेले असतात. खेळण्याला वीस पाय पुष्कळ होतात. खऱ्या कामाला ते केव्हा संपतात हे समजतही नाही.

आमचे कसे संपले ते सांगतो.

ओळखीच्या एका वृद्धाश्रमात चोवीस खाटा आहेत. प्रत्येक खाटेशी एक घंटेचे बटण होते, पण साऱ्या बटणांची मिळून घंटा एकच. रात्री घंटा वाजली की पाळीवरच्या मावशींनी उठावयाचे आणि तिन्ही खोल्यांतून “कोण बोलावतंय?” असे विचारीत फिरावयाचे. ज्यांनी बोलाविले ते कित्येकदा बोलण्याच्या स्थितीत नसत, आणि जे झोपले होते ते सर्व जागे होत. यावर उपाय म्हणून मावशींच्या टेबलासमोर चोवीस दिव्यांचा एक फळा करून द्यावा, असे मला सांगण्यात आले. मीही मोठ्या उत्साहाने होकार दिला.

चोवीस बटणे आणि चोवीस दिवे मिळून अठ्ठेचाळीस झाले, पाय वीस. येथे पाय वाचविण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे जाळी. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चार आडव्या ओळी आणि सहा उभ्या ओळी आखाव्यात. जेथे त्या एकमेकींस छेदतात तेथे एकेक बटण बसवावे. चार आणि सहा मिळून दहा पाय लागतात, आणि छेद होतात चोवीस. मायक्रोकंट्रोलर एका आडव्या ओळीस शून्य व्होल्टवर आणतो, सहाही उभ्या ओळी तपासतो, मग दुसरी आडवी ओळ घेतो. दिव्यांचीही अशीच जाळी करता येते, आणि आडव्या ओळी दोघींना सामाईक ठेवल्या तर चार, सहा आणि सहा मिळून सोळा पायांत सर्व काम होते. सतरावा पाय घंटेस दिला आणि फळा भिंतीवर लावला. दिवे दिवसा थोडे मंद दिसत, कारण जाळीत प्रत्येक दिवा वेळेचा चौथा हिस्साच पेटतो. पण रात्रीचे काम, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

तक्रार निराळीच आली. आठ-दहा दिवसांनी मावशी म्हणाल्या, “भाऊ, तुमचा फळा खोटं बोलतो. अकरा नंबरच्या आजी गाढ झोपल्यात, अन् दिवा त्यांचाच पेटतो.”

प्रथम मला ते खरे वाटले नाही. मग कागदावर जाळी काढून पाहिली तेव्हा चूक माझीच ठरली. पहिल्या आडव्या ओळीवर १ ते ६ क्रमांकाच्या खाटा, दुसरीवर ७ ते १२. दोन आणि पाच क्रमांकाची बटणे उशीखाली दाबली गेलेली होती. अशा वेळी आठ क्रमांकाच्या आजोबांनी बटण दाबले. मायक्रोकंट्रोलरने दुसरी ओळ तपासावयास घेतली की वीज आठ क्रमांकाच्या बटणातून उभ्या ओळीवर, तेथून दोन क्रमांकाच्या बटणातून पहिल्या आडव्या ओळीवर, आणि तेथून पाच क्रमांकाच्या बटणातून पाचव्या उभ्या ओळीवर जाते. दुसरी आडवी ओळ आणि पाचवी उभी ओळ यांच्या छेदावर कोण? अकरा. चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप दाबल्यासारखा दिसतो. या क्षेत्रातील लोक यास भूत म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. यातील अधिक वाईट भाग असा की, अकरा क्रमांकाच्या आजींनी त्याच वेळी खरोखर बटण दाबले असते तर फळ्यावर काहीच फरक पडला नसता; दिवा आधीच पेटलेला होता, आणि मावशी एकदा जाऊन “काही नाही” म्हणून परत आल्या होत्या.

भुताला उतारा आहे. प्रत्येक बटणाशी १एन४१४८ जातीचा एकेक डायोड जोडावा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते, उलट्या वाटेने शिरत नाही. चोवीस डायोड जोडले, भूत गेले. वाचकांपैकी कोणी बटणांची जाळी करणार असतील तर त्यांनी डायोड पहिल्या दिवशीच जोडावेत. मी ते वाचविले ते निव्वळ आळसाने.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. परंतु फळ्यावरचा दिवा विझविण्याचे बटण मी मावशींच्या टेबलावर ठेवले होते. एके रात्री एका खाटेचा दिवा लागला. मावशींनी बटण दाबून तो विझविला आणि त्या उठल्या, तोच दुसऱ्या खोलीतून कोणीतरी ओरडले म्हणून तिकडे धावल्या. चोवीस खाटांना एकच बाई. तिला दोष कोणी द्यावा? दिवा विझलेला, आणि विझलेला दिवा कोणाचीच आठवण करून देत नाही. त्या खाटेवरचे आजोबा पंधरा-वीस मिनिटे वाट पाहून स्वतःच उठले आणि न्हाणीघराच्या दाराशी घसरले. हाड मोडले नाही एवढेच. दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या चालकांनी सांगितले, “दिवा विझविण्याचे बटण खाटेपाशीच हवे. तेथे गेल्याशिवाय तो विझता कामा नये.” याला उत्तर नव्हते, हे मला आधीच सुचावयास हवे होते.

म्हणजे आणखी चोवीस बटणे आली. जाळीच्या हिशेबाने आणखी सहा उभ्या ओळी पाहिजेत. चार आणि तीनदा सहा मिळून बावीस, घंटेचा एक धरून तेवीस. पाय वीस. येथे गाडी अडली.

सरळ मार्ग म्हणजे मोठी पट्टी आणणे. अर्दुइनो मेगा या पट्टीवर चोपन्न अंकीय आणि सोळा अनुरूप असे सत्तर पाय मिळतात. एका पायास एक काम या न्यायाने आम्हास लागत होते बहात्तर! दोन पायांनी हुकले हे एका परीने बरेच झाले. कारण मोठी पट्टी घेणे म्हणजे मोठे घर भाड्याने घेणे. सामान वाढले की तेही अपुरे पडते. शिवाय तिच्यावरील चिप शंभर बारीक पायांची, पट्टीवर चिकटविलेली असते. एक पाय जळला तर सर्वच पट्टी बदलावी लागते.

ही टंचाई नवीन नव्हे. इंटेल कंपनीने १९७६ साली ८०४८ हा मायक्रोकंट्रोलर काढला तेव्हा त्याला सत्तावीस कामाचे पाय होते, आणि त्या चिपसाठी ८२४३ नावाची एक जोडचिपही मिळे. ती चार-चार पायांचे चार गट, म्हणजे सोळा पाय वाढवून देई. ज्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजात ८०८५ च्या पेटीवर हात चालविले आहेत त्यांना ८२५५ ही चोवीस पाय देणारी चिप आठवत असेल. रोग जुना, औषधही जुने. फक्त आज ते फार स्वस्त झाले आहे. ज्या दोन चिपांनी आमचे काम केले त्या चहा-बिस्किटांच्या किमतीत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

पहिली चिप ७४एचसी५९५. ती बाहेर जाणारे पाय, म्हणजे दिव्यांचे पाय वाढविते. तिचे काम समजण्यासाठी स्लॅब भरण्याची जागा डोळ्यांसमोर आणावी. आठ मजूर रांगेत उभे आहेत. मुकादम हाक देतो, त्यासरशी प्रत्येक जण आपल्या हातचे घमेले पुढच्याच्या हाती देतो आणि पहिल्या मजुराच्या हाती नवे घमेले येते. घमेले कधी भरलेले, कधी रिकामे. आठ हाका झाल्या की आठही मजुरांच्या हाती आपल्याला हवी तशी घमेली असतात. भरलेले म्हणजे दिवा लावावयाचा, रिकामे म्हणजे विझवावयाचा. मायक्रोकंट्रोलरला यासाठी दोनच पाय लागतात. एक घमेले देण्याचा, म्हणजे माहितीचा, आणि दुसरा हाक देण्याचा, म्हणजे ठोक्याचा.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की घमेली सरकत असताना दिवे लपलपणार नाहीत काय? नाहीत, आणि यातच या चिपची खुबी आहे. हिच्यात आठ-आठ कप्प्यांचे दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर सरकासरकी चालते. दिवे जोडलेले असतात वरच्या मजल्यास. सर्व घमेली जागेवर आली की तिसऱ्या एका पायावर एक ठोका द्यावा; त्या क्षणी खालचे सर्व एकदम वर उचलले जाते. नाटकात पडद्यामागे पुढच्या प्रवेशाची मांडामांड चालू असताना प्रेक्षकांना ती दिसत नाही, त्यातलाच प्रकार.

तीन पायांत आठ दिवे, यात फार मोठे काही नाही असे वाटेल. परंतु आठव्या मजुराच्या पुढे एक दार आहे, तो चिपचा नववा पाय. तेथून बाहेर पडणारे घमेले दुसऱ्या चिपच्या पहिल्या मजुरास, म्हणजे तिच्या चौदाव्या पायास द्यावे. ठोक्याची आणि उचलण्याची तार सर्वांना सामाईक. अशा रीतीने दोन चिपांत सोळा, तीन चिपांत चोवीस दिवे झाले, आणि मायक्रोकंट्रोलरचे पाय तेच तीन. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, जे घमेले प्रथम द्याल ते सर्वांत दूर जाते; म्हणून चोविसाव्या दिव्याची माहिती आधी पाठवावयाची आणि पहिल्याची शेवटी. चोवीस घमेली सरकविण्यास उनोसारख्या मंद पट्टीसही एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ लागतो.

या चिपच्या दोन खोडी मात्र सांगितल्या पाहिजेत, कारण पुस्तकातून त्या एका ओळीत येतात आणि घात करतात.

पहिली खोड अशी. वीज येताच वरच्या मजल्यावर काय असेल याचा नेम नाही. आमच्याकडे वीज जाऊन आली की मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत सेकंदभर भलतेच दिवे पेटत. दिवे होते म्हणून मावशी एकदा दचकल्या आणि हसल्या. त्या जागी रिले आणि पंपाची मोटर असती तर हसणे महागात पडले असते. उपाय चिपमध्येच आहे. तिचा तेरावा पाय वर, म्हणजे पाच व्होल्टवर असला की सर्व दिवे तुटलेल्यासारखे राहतात. त्या पायास दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स लावून तो पाच व्होल्टकडे ओढून ठेवावा, आणि मायक्रोकंट्रोलरने जागे झाल्यावर आधी सर्व कप्पे रिकामे करून मगच त्यास खाली आणावे. यासाठी एक चौथा पाय खर्ची पडतो. अनेक जण तो वाचविण्यासाठी तेरावा पाय थेट जमिनीस जोडतात. दिव्यांच्या खेळात चालेल, खऱ्या कामात चालू नये. दहावा पाय मात्र पाच व्होल्टला जोडून द्यावा, नाही तर तो मध्येच सर्व पुसून टाकतो.

दुसरी खोड विजेच्या भाराची. साऱ्या चिपमधून मिळून सत्तर मिलिअँपिअरच्या वर वीज जाता कामा नये. लोक सवयीने एलईडीस २२० ओहमचा रेझिस्टन्स लावतात. लाल एलईडी दोन व्होल्ट खाते, उरले तीन. तीन भागिले २२० म्हणजे साडेतेरा मिलिअँपिअर, आणि आठ दिवे एकदम लागले तर एकशे नऊ. चिप तत्काळ जळत नाही, काही महिन्यांनी दगा देते. म्हणजे आपण निश्चिंत झाल्यावर. आम्ही ६८० ओहम लावले. दिव्यास साडेचारच्या आत, आठांचे मिळून पस्तीस. हल्लीच्या एलईडी एवढ्यावर चांगल्या दिसतात, आणि जाळीतल्यासारखे पाव वेळ पेटणे नसल्याने उलट अधिक उजळ दिसू लागल्या. ज्यांस रिले चालवावयाचे असतील त्यांनी मध्ये यूएलएन२००३ ही सात वाटांची चिप घालावी, आणि २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता आत येणारे पाय, म्हणजे बटणांचे. त्यासाठी ७४एचसी१६५ ही पहिलीची उलट बहीण आहे. येथे आठ बटणे आठ मजुरांच्या हाती एकदम घमेली ठेवतात आणि मायक्रोकंट्रोलर ती एका टोकाने एकेक करून मोजून घेतो. चिपच्या पहिल्या पायास क्षणभर खाली आणले की त्या वेळची सर्व बटणांची स्थिती जणू फोटो काढल्याप्रमाणे आत साठते; मग ठोक्यागणिक एकेक बाहेर येते. हिच्याही चिपा एकीस एक जोडता येतात.

नवशिक्यास येथे हटकून चकवा बसतो. फोटो काढताच पहिले उत्तर दाराशी येऊन उभेच असते. त्यासाठी ठोका द्यावा लागत नाही. म्हणून आधी वाचावे, मग ठोका द्यावा. जो आधी ठोका देतो त्याचे पहिले उत्तर हरवते आणि सर्व खाटा एका घराने सरकतात. आठ क्रमांकाने बोलाविले तर फळ्यावर सात किंवा नऊ. आमचा अर्धा दिवस या एका गोष्टीत गेला.

आता पायांचा जमाखर्च पाहा. दिव्यांसाठी ५९५ च्या तीन चिपा. घंटेच्या चोवीस आणि खाटेपाशी विझविण्याच्या चोवीस अशा अठ्ठेचाळीस बटणांसाठी १६५ च्या सहा चिपा. दिव्यांचे पाय चार, म्हणजे माहिती, ठोका, उचलणे आणि तेरावा. बटणांचे पाय तीन, म्हणजे फोटो, ठोका आणि उत्तर. ठोका दोघांना एकच ठेवता येतो, कारण बटणे वाचताना दिव्यांच्या खालच्या मजल्यावर कितीही गोंधळ झाला तरी वरचा मजला हलत नाही. म्हणजे सहा पायांत बहात्तर तारा! एक घंटेला दिला तरी तेरा पाय शिल्लक राहिले. आधी चोवीस बटणांवर सर्व चालवून पाहिले, आणि मग विझविण्याच्या बटणांच्या तीन चिपा शेपटास जोडल्या, तेव्हा मायक्रोकंट्रोलरकडील एकही तार हलवावी लागली नाही. आज्ञावलीत २४ होते तेथे ४८ केले आणि विझविण्याचा नियम घातला.

प्रत्येक चिपच्या वीजपुरवठ्याशी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. हा विसरल्यास यंत्र दिवसा चालते आणि रात्री कोणी पंखा बंद केला की चुकते. तसेच खाटेपासून येणारी तार पंधरा-वीस मीटर लांब असते आणि अँटेनाप्रमाणे हवेतला सर्व कचरा गोळा करते. म्हणून फळ्यात शिरण्याच्या जागी प्रत्येक तारेस एक हजार ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड द्यावेत. याउपर आज्ञावलीने दर शंभरांश सेकंदास वाचावे आणि ओळीने तीनदा तेच उत्तर आले तरच खरे मानावे. माणसाचे बोट कितीही चपळ असले तरी एवढ्या वेळात ते उचलले जात नाही.

याहून निराळा एक मार्ग आहे आणि जाणकार वाचक तो का घेतला नाही असे विचारतील, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास, टीव्हीच्या पोटातील चिपांना आपापसांत बोलता यावे म्हणून, दोन तारांची एक पद्धत काढली. तिला आयटूसी म्हणतात. दोन तारा म्हणजे एक गल्ली आणि प्रत्येक चिप म्हणजे त्या गल्लीतील क्रमांक असलेले घर. मायक्रोकंट्रोलर आधी घराचा क्रमांक पुकारतो, मग निरोप देतो. ज्याचा क्रमांक तोच ऐकतो. पीसीएफ८५७४ ही चिप अशा रीतीने आठ पाय देते, एमसीपी२३०१७ सोळा देते, आणि त्यातील प्रत्येक पाय आत येणारा की बाहेर जाणारा हे आपण ठरवू शकतो. एमसीपीच्या आठ चिपा एका गल्लीत राहू शकतात, म्हणजे दोन पायांवर एकशे अठ्ठावीस! शिवाय एखादे बटण हलले तर “माझ्याकडे पाहा” अशी खूण करणारा एक पाय तिला असतो, त्यामुळे मायक्रोकंट्रोलरला एकसारखे विचारीत बसावे लागत नाही. वाचून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

पण या गल्लीलाही तिचे नियम आहेत. तारांची एकूण धारिता चारशे पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते, आणि साध्या केबलचा प्रत्येक मीटर पन्नास-एक खातो. म्हणजे सात-आठ मीटरांच्या पुढे घराबाहेर पडू नये. एकाच पेटीच्या आत ही पद्धत उत्तम. पीसीएफ८५७४ ची आणखी एक तऱ्हा आहे. तिचा पाय खाली ओढताना पंचवीस मिलिअँपिअर सोसतो, पण वर ढकलताना एका मिलिअँपिअरचा दहावा हिस्साच देतो. म्हणून तिच्यावर दिवा पाच व्होल्टकडून जोडावा आणि शून्याने पेटवावा. हे न जाणता कित्येकांनी चिप खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडण केले आहे. एमसीपी२३०१७ घेणाऱ्यांनी नवे माहितीपत्रक अवश्य पाहावे. तिच्या दोन्ही गटांतील शेवटचा पाय आता केवळ बाहेर जाण्यासाठी वापरावा असे त्यात म्हटले आहे, आणि जुनी पुस्तके अद्याप सोळाच्या सोळा दोन्ही कामांना देतात. आमच्या कामी मी १६५ आणि ५९५ पसंत केल्या त्या एवढ्यासाठी की त्यांत क्रमांक, उत्तर, पोच असे काही नाही. गल्लीत एक चिप बिघडून तार खाली धरून बसली तर सगळी गल्ली मुकी होते. तसे ५९५ च्या रांगेत एक बिघडली तर तिच्या अलीकडचे दिवे तरी चालतात. आणि बिघाड शोधावयास साधा मीटर पुरतो.

केवळ दिवेच लावावयाचे असतील तर चार्लीप्लेक्सिंग म्हणून एक गमतीची युक्ती आहे. मॅक्सिम कंपनीतील चार्ली ॲलन यांनी ती १९९५ साली सुचविली. पाय वर, खाली आणि अधांतरी अशा तीन स्थितींत ठेवता येतो याचा फायदा घेऊन सहा पायांवर तीस दिवे लावता येतात. घड्याळासारख्या शोभेच्या वस्तूस ती ठीक आहे. परंतु एक दिवा बिघडला की शेजारचे भलतेच पेटू लागतात, म्हणून जेथे दिव्यावर विश्वास ठेवून माणूस अंथरुणातून उठतो तेथे ती वापरू नये, असे माझे मत आहे.

एक गोष्ट राहिली, आणि तिचा पायांच्या संख्येशी संबंध नसला तरी ती सर्वांत महत्त्वाची ठरली. साधे बटण दाबल्यावर जुळते. त्याची तार वाटेत तुटली तर फळ्यास काय दिसेल? बटण दाबलेले नाही असेच दिसेल. तुटलेली तार आणि शांत झोपलेला माणूस यांत फळ्यास फरक करता येत नाही. म्हणून घंटेची बटणे आम्ही उलट्या जातीची घेतली, दाबले की तुटणारी. फळ्याकडे दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स तारेस पाच व्होल्टकडे ओढतो, आणि स्वस्थ असताना बटण तिला जमिनीशी बांधून ठेवते. दाबले की बंधन सुटते आणि तार वर जाते. तुटली तरीही वर जाते. म्हणजे तुटलेली तारही हाक मारते. विजेचा खर्च खाटेमागे अर्धा मिलिअँपिअर, चोवीस खाटांचा मिळून बारा. तो कोणी मोजू नये. तार जमिनीस चिकटली तर मात्र हे कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक बटण दाबून पाहावेच लागते. आज्ञावलीत एवढाच नियम घातला की, खाटेपाशी जाऊन विझविल्यावरही जर हाक चालूच असेल तर दिवा पेटता न राहता लुकलुकावा. म्हणजे बटण उशीखाली अडकले आहे किंवा तार गेली आहे असे समजावे.

नवा फळा लागल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मावशींनी निरोप पाठविला की सतरा क्रमांकाचा दिवा लुकलुकतो, बटण तर उशीखाली नाही. जाऊन पाहिले. कपाटामागे उंदराने तार कुरतडली होती. दोन इंच नवी तार जोडून डाग दिला, टेप गुंडाळली, दिवा विझला. सतरा क्रमांकाचे आजोबा तेवढा वेळ जागेच होते. म्हणाले, “म्हणजे मी काल दाबलं असतं तर?” मी म्हटले, “आजोबा, दिवा पेटलेलाच होता. मावशी आल्याच असत्या.” त्यांनी बटण दोनदा दाबून पाहिले, मावशी दोनदा येऊन गेल्या, आणि मग ते कुशीवर वळले.